रॅपवाला बडग्या

माझा भाचा विक्की नेमका कोण आहे, हे तो तिशी ओलांडून गेला तरी मला कळलेलं नाही. कंपनीत विचाराल तर तो मिहानच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गोदामात माल मोजून संगणकावर चढवणारा माणूस आहे. गल्लीत विचाराल तर लोक आधी हसतील. आणि खुद्द त्यालाच विचाराल तर तो टोपी उलटी करील, एक हात हवेत वरखाली हलवील आणि यमकात उत्तर देईल. मी जन्मभर महापालिकेच्या शाळेत मराठी शिकवलं, कविता घोकून घेतल्या, पण ‘जेवलास का?’ या प्रश्नाला यमकात उत्तर देणारा माणूस मला याच घरात भेटला.

आम्ही नागपुरात मस्कासाथच्या मागच्या एका गल्लीत राहतो. खाली माझा थोरला भाऊ धोंडबा, वहिनी बायजाबाई आणि विक्की. वरच्या खोलीत मी एकटी. त्यामुळे विक्कीचं संगीत मला न मागता मिळतं. खाली त्याचा स्पीकर सुरू झाला की वर माझ्या मांडणीतले पेले एकमेकांवर आपटायला लागतात. त्यातला गायक कुठल्या देशाचा आणि कशावर एवढा संतापलाय, ते मला कळत नाही. विक्कीला मात्र सगळं पाठ असतं. इंग्रजीत काठावर पास झालेला हा मुलगा तोंडातून अशा वेगानं इंग्रजी काढतो की शब्द ओळखीचा वाटेपर्यंत पुढचे दहा निघून गेलेले असतात.

आणि एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. त्याच्या पलंगाखाली कॉमिक्सची ट्रंक आहे. लहानपणी इतवारीच्या रद्दीवाल्याकडून आणलेली ती पुस्तकं तो अजून पालथा पडून वाचतो, आणि हिरोपेक्षा खलनायकाचं तोंड जास्त निरखून बघतो. त्यावरूनच तो चित्रं काढायला शिकला. उरलेल्या वेळात टीव्ही. कार्टून, गाण्यांच्या स्पर्धा, ढगळ कपडे घातलेल्या परदेशी पोरांच्या मुलाखती, काहीही. एकदा मी वैतागून म्हटलं, ‘‘अरे, माणसानं एक काहीतरी धरावं.’’

‘‘आत्या, तिन्ही एकच हाय वं,’’ तो म्हणाला. ‘‘कॉमिक्सवाला मुखवटा घालते, रॅपर टोपी घालते, अन् टीव्ही दोघायले घरी आणते.’’

मला हे पटलं नाही. मी त्याच्या टीव्हीचा आवाज कमी केला आणि वर निघून आले.

पोराला पैशाची हाव नाही, व्यसन नाही. त्याला एकच हवं होतं: बाबानं एकदा समोर बसून त्याचं अख्खं गाणं ऐकावं. आणि धोंडबादादा तेवढंच करत नसे. गाणं सुरू झालं की तो पायांत चपला घाली आणि चौकात जाऊन उभा राही. शाळेत चपराशी होता तेव्हा घंटा देऊन देऊन त्याचे कान गेलेत, असं तो सांगे. मी केलेली कुजबुज मात्र त्याला बरोबर ऐकू येते.

दादाचा स्वतःचा नाद वेगळा. आमच्या गल्लीचा बडग्या तो तरुणपणापासून बांधतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या नागपुरात मारबत निघते. काळी आणि पिवळी या मानाच्या मारबती, म्हणजे बाईच्या रूपातले मोठाले पुतळे पुढे, आणि त्यांच्या मागे गल्लोगल्लीचे बडगे. वर्षभर ज्यानं छळलं त्याचा पुतळा करायचा, डास असोत, महागाई असो नाहीतर खड्डे असोत. त्याच्या नावानं ‘घेऊन जा गे मारबत!’ असं घसा फाटेस्तोवर ओरडायचं आणि वस्तीबाहेर नेऊन त्याला पेटवायचं. मग मागे वळून न बघता घरी यायचं. त्याची एक काडीसुद्धा परत उंबऱ्याच्या आत आणायची नाही, कारण काडीबरोबर पीडाही परत येते, असं आमची माणसं मानतात.

यंदा मंडळाची माणसं ओट्यावर जमली तेव्हा मी वरून ऐकत होते. कुणी नाल्यांचा बडग्या म्हणालं, कुणी मोकाट कुत्र्यांचा. तेवढ्यात दादाच म्हणाला, ‘‘यंदा रॅपवाला करू. पोट्टे येडे होऊन राहिले थ्या बडबडीनं.’’

सगळे हसले. मला हसू आलं नाही. घरात तरणा मुलगा त्याच एका गोष्टीसाठी जीव टाकतोय आणि बाप तिचीच होळी करायला निघाला, हा काय प्रकार? मी खाली उतरून काही बोलणार, तोच दादानं विक्कीला हाक मारली.

‘‘विक्की, थे टोपी, थे चेन, कसं राह्यते थे तूच सांग. तोंडही तूच रंगव. मले नाही जमत थे.’’

विक्कीचा चेहरा असा काही उजळला की मी जिन्यातच थांबले. दुसऱ्या दिवशी तो वर आला, माझ्याच हातचा चहा प्यायला आणि म्हणाला, ‘‘आत्या, बाबाले आवडू लागलं वाट्टे.’’

‘‘अरे भैताडा, बडग्या कशाचा करतात ठाऊक आहे ना तुला?’’

‘‘माहीत हाय वं. नकोशा गोष्टीचा करते.’’ त्यानं कप खाली ठेवला. ‘‘पण ज्याले कोनी भावच देत नाही, त्याचा बडग्या कोन करते? आधी मोठं व्हा लागते ना? अन् बाबानं मले पयल्यांदा काही इचारलं.’’

‘‘म्हणजे तुला आनंद झालाय की वाईट वाटलंय?’’

‘‘थेच समजून नाही राहिलं,’’ तो म्हणाला आणि खाली गेला.

पुढचे दिवस बापलेक ओट्यावर शेजारी बसून काम करत होते. दादा बांबूच्या कमच्या तासून सांगाडा बांधी, विक्की कागदाच्या लगद्याचं डोकं घडवी. आमच्या गल्लीत विजेच्या तारा इतक्या खाली लोंबतात की बडग्या माणसाएवढाच ठेवावा लागतो. दोघं जास्त बोलत नसत. पण दादानं ‘नाक थोडं दाब’ म्हटलं की विक्की नाक दाबी, आणि विक्कीनं ‘बाबा, खांदे असे पाडा, इस्टाईलमधी’ म्हटलं की दादा निमूटपणे खांदे पाडी. बायजावहिनी दारातून बघून मला डोळ्यांनी खुणावी, की हे काय चाललंय? मी हात वर करी. बडग्याच्या निमित्तानं का होईना, घरात शांतता होती.

रंगकाम झालं तेव्हा मी खाली उतरून पाहिलं. कॉमिक्समधल्या खलनायकाच्या उग्र भुवया, तिरपं हसू, आणि खाली सगळं विक्कीचंच तोंड. हनुवटीवरचा लहानपणीचा व्रणसुद्धा होता. त्यानं मुद्दाम केलं की हात आपोआप तिकडे गेला, हे मी विचारलं नाही. दादाची नजर आता अधू झाली आहे. त्यानं डोकं चाचपलं, ‘‘बरं झालं,’’ म्हणाला आणि सांगाड्यावर बसवलं.

मारबतीच्या दिवशी सकाळपासून रस्त्यात पाय ठेवायला जागा नव्हती. तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल घेतलेली लेकरंसुद्धा बापांच्या खांद्यावरून गर्दी बघत होती. मी आणि वहिनी गच्चीवर उभ्या राहिलो. आमचा बडग्या ठेल्यावर उभा करून निघाला. दादा सगळ्यांत पुढे, गर्दी हटवत. विक्की ठेल्याला लागून, हातात माइक.

त्यानं सुरू केलं:

‘‘नळाले नाही पाणी, रस्त्यावर खड्डा,
चौकाचौकात कचऱ्याचा अड्डा!’’

‘‘घेऊन जा गे मारबत!’’ गर्दी ओरडली.

‘‘लाइट गेली, पंखा बंद,
डासायचा चालू रात्रभर छंद!’’

‘‘घेऊन जा गे मारबत!’’

मी चक्रावले. त्याच चालीवर, त्याच दमात आमचे वडील ओरडायचे, नंतर दादा ओरडायचा. यात रॅप कुठला आणि मारबतीची आरोळी कुठली, मला वेगळं काढता येईना. लोक नाचत होते. ज्याची हकालपट्टी करायची तोच माइक घेऊन हकालपट्टीचं गाणं म्हणत होता आणि लोकांना ते आवडत होतं. पुढे चाललेला दादा मात्र वळून बघत नव्हता.

मग कुणीतरी टवाळ ओरडला, ‘‘का बे, दोघायतला बडग्या कोन्ता?’’ आणि सगळी पोरं ओरडायला लागली, ‘‘विक्कीले घेऊन जा गे मारबत!’’

विक्कीचा माइक खाली आला. मग हसला, पण ते हसणं मला बघवलं नाही.

शेजारी वहिनीनं माझा दंड घट्ट धरला. ‘‘माय वं, थे जर्सी!’’

‘‘कुठली जर्सी?’’

‘‘बडग्याच्या आंगात पाहा ना! मंडळानं आणलेला कपडा नोहे थो. विक्कीची जर्सी होय, मी कालच वाळू घातली होती. टोपीही त्याचीच हाय. जित्त्या माणसाचे आंगावरचे कपडे आगीत देत असतेत का?’’

पोरानं सकाळी कुणाला न सांगता बडग्याला स्वतःचे कपडे चढवले होते. आमच्यात अंगावरचा कपडा फक्त मेलेल्या माणसाबरोबर जाळतात. आणि इथं त्याचं तोंड, त्याचे कपडे आणि वर त्याच्या नावानं आरोळी! मी असल्या गोष्टी मानत नाही. वर्गात मुलांना सांगत आले की हे सगळं थोतांड आहे. पण वहिनी जिना उतरायला लागली तेव्हा मी तिच्या पुढे होते.

त्या गर्दीतून आम्ही कशा गेलो, ते विचारू नका. माझी एक चप्पल गेली, वहिनीचा पदर कुणाच्या तरी पिपाणीत अडकला. मैदानावर पोहोचलो तेव्हा बडगे एकेक करून पेटत होते आणि आमच्या बडग्यापुढे दादा तेलात भिजवलेला पेटता बोळा काठीवर धरून उभा होता.

‘‘थांबा!’’ वहिनी किंचाळली. ‘‘कपडे पोराचे हाय!’’

कानांनी गेलेल्या माझ्या भावाला ते एका हाकेत ऐकू आलं. त्यानं काठी शेजारच्याच्या हातात दिली, ठेल्यावर चढला आणि बडग्याच्या छातीवरचं कापड चिमटीत धरून डोळ्यांजवळ नेलं.

‘‘काहून घातले बे हे?’’

‘‘असली दिसा लागते ना बाबा,’’ विक्की खालून म्हणाला. ‘‘राहू द्या ना. मस्त दिसून राहिला.’’

दादानं टोपी काढली, चेन काढली. जर्सी निघेना तेव्हा बांबूचे हात मोडून ती ओढून काढली. खाली गवत आणि जुनी वर्तमानपत्रं उघडी पडली. लोक शिट्ट्या मारायला लागले, ‘‘पेटवा ना काका!’’ दादानं काठी परत घेतली. आता समोर कपडे नव्हते, नुसतं तोंड होतं. उन्हात ते त्याला इतक्या जवळून पहिल्यांदाच दिसलं असावं. त्यानं बोटानं हनुवटीवरचा व्रण चाचपला. काठी त्यानं पुन्हा शेजारच्याच्या हातात दिली.

मग त्यानं डोकं दोन्ही हातांनी पिळून सांगाड्यावरून उपटलं, काखेत धरलं, खाली उतरून काठी घेतली आणि पोरांनी ठेल्यावरून उतरवलेल्या बिनडोक्याच्या धडाला आग लावली.

आरोळी अर्धवटच राहिली. अशा बडग्यासाठी काय ओरडायचं, ते कुणालाच कळेना. मंडळाचा एक म्हातारा पुढे आला. ‘‘धोंडबा, डोकं टाक गा आगीत. पीडा तशीच राह्यते.’’ दादा त्याच्या बाजूनं पुढे चालू लागला.

आम्ही मागोमाग निघालो. दादाच्या काखेत डोकं, विक्कीच्या एका हातात जर्सी आणि दुसऱ्या हातात अजून तो माइक. चौक ओलांडल्यावर विक्कीनं विचारलं, ‘‘बाबा, मंग रॅप गेला का राहिला?’’

‘‘मले काय इचारतं?’’ दादा खेकसला. थोडं चालून तो म्हणाला, ‘‘थे पंख्याचं, डासाचं काय होतं? गर्दीत पुरं नाही आयकू आलं. घरी गेल्यावर म्हण.’’

विक्की चालता चालता थांबला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. माझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि पायात एकच चप्पल.

घराशी आलो तर वहिनी आमच्या आधी धावत जाऊन दोन्ही हात चौकटीला लावून उभी. ‘‘बडग्याची काडी घरात येऊ देत नाही मी. आन् तुमी तं मुंडकंच घेऊन आले! बाहेर फेका थे.’’

दादा उंबऱ्याशी उभा राहिला. काखेतलं डोकं त्यानं पुढे घेतलं आणि त्याच्या गालावरची राख सदऱ्याच्या बाहीनं पुसली.

‘‘पोराचं तोंड हाय ना वं त्याले,’’ तो म्हणाला. ‘‘बाहेर कसं ठेवू?’’

वहिनीनं चौकटीवरचे हात खाली घेतले.