आम्ही इथाकाला उतरलो

जर्मनीत वाल्डॉर्फला असताना आमच्या ओळखीत एक गृहस्थ होते. वयाने आमच्याहून बरेच मोठे, मूळचे पुण्याचे, सॉफ्टवेअरमध्ये वरच्या जागेवर. आम्ही त्यांना दादा म्हणायचो आणि त्यांच्या बायकोला वहिनी. दादांना जर्मनीत इतकी वर्षं झाली होती, की जर्मन लोकांनी शिस्त त्यांच्याकडूनच उचलली असावी असं नवीन आलेल्या माणसाला वाटायचं. तिथे रविवारी आवाज करायला मनाई; त्या दिवशी फोनवर बोलताना मागे आमच्या मिक्सरचा आवाज आला, तर शेजारच्या जर्मन आजींच्या आधी दादा तक्रार करायचे.

चाळिशी उलटल्यावर दादांनी शिडाच्या बोटीचा फ्युररशाइन काढला. मोटारीचा असतो तसाच, बोट चालवायचा परवाना. हायडेलबर्गला संध्याकाळच्या वर्गात थिअरी आणि बोडनझेवर प्रॅक्टिकल. बोडनझे मोठं आहे, पण शेवटी तळं आहे. परवाना हातात पडल्यापासून दादा कुठेही गेले की आधी वाऱ्याची दिशा बघायचे. सुपरमार्केटच्या पार्किंगमध्येसुद्धा.

"ग्रीसला जाऊ या," ते आमच्याकडे जेवायला आले असताना म्हणाले. "एक आठवडा. आपणच बोट भाड्याने घ्यायची, आपणच चालवायची. इथल्या लोकांसारखी खरी सुट्टी, उरलाउब. नाहीतर आपली माणसं! बसमध्ये बसायचं, ठेपले खायचे, पॅरिस बघितलं म्हणायचं."

त्या वर्षी आम्ही तशाच बसमधून पॅरिस बघून आलो होतो. ठेपले मी केले होते.

माझा नवरा मोटारींचे गिअरबॉक्स करणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. यंत्र दिसलं की त्याला हात लावायचा असतो आणि मोठ्या माणसाने काही सुचवलं की त्याला हो म्हणायचं असतं. तो हो म्हणाला. बोट भाड्याने घ्यायची तर कप्तानाशिवाय आणखी एक अनुभवी माणूस लागतो, असा तिथला नियम होता. तो अनुभवी माणूस म्हणून माझ्या नवऱ्याचं नाव लागलं. त्याचा अनुभव म्हणजे नेकार नदीत पायाने मारायची हंसाच्या आकाराची बोट. मला दादांनी विचारलं, "तुला पोहता येतं का? नाही म्हणजे, नागपूरला पाणी कुठे?" मी म्हटलं, अंबाझरीचा तलाव आहे. ते तलाव या शब्दावर हसले. बोडनझेचं त्यांना काही आठवलं नाही.

वहिनींना कुणीच काही विचारलं नाही. त्या एम.एस्सी. झालेल्या होत्या, रसायनशास्त्रात. हे मला पुढे ग्रीसमधल्या इथाका बेटावर कळलं. वाल्डॉर्फला आम्हाला एवढंच माहीत होतं, की त्यांच्या पुरणपोळ्या फुटत नाहीत.

लेफ्काडा बेटाच्या बंदरात बोट ताब्यात मिळाली. चकचकीत, पांढरी, बाहेरून बघायला देखणी. आत दोन खोल्या, पण त्यांना खोल्या म्हणणं म्हणजे मुंबईच्या ब्रोकरचं काम. झोपायचं तर आधी कोणता पाय आत घालायचा हे ठरवावं लागे. संडासात पाणी सोडायला एक पंप होता, तो हाताने खूप वेळ मारायचा, आणि मारताना चेहरा निर्विकार ठेवायचा, कारण भिंत पातळ होती आणि पलीकडे लोक चहा पीत असायचे.

पहिल्याच सकाळी दादांनी कामं वाटली. दोर माझ्या नवऱ्याकडे. बोट धक्क्यावर आपटू नये म्हणून बाजूला लटकवायचे रबरी फुगे माझ्याकडे. आणि डेक झाडायची केअरवोखे. जर्मनीत बिल्डिंगचा जिना झाडायची प्रत्येक बिऱ्हाडाची पाळी असते, ती केअरवोखे. भाडं भरून, विमानाने येऊन, निळ्याशार समुद्रात मी जिना झाडत होते.

"आणि वहिनी?" मी विचारलं.

"ती आत बघेल," दादा म्हणाले.

आत म्हणजे स्वयंपाकघर. शेगडी झुलती आहे, बोट कलली तरी सपाट राहते, म्हणून भांडं सांडत नाही, असं दादांनी समजावून दिलं. भांडं सांडत नसेल, पण पोटातलं उसळतं. वहिनींना बोट लागत होती. त्या एका हाताने पोहे परतायच्या आणि दुसऱ्या हाताने बादली धरायच्या. वरून दादा ओरडायचे, "अगं, वर ये, बघ काय निळा रंग आहे! आणि येताना चहा आण!" पहिले दोन दिवस वहिनींनी ग्रीस बघितला तो ताटाएवढ्या खिडकीतून. बंदरात उभं असलं की त्या खिडकीत शेजारच्या बोटीचा पत्रा दिसायचा.

पिण्याच्या पाण्याची टाकी लहान म्हणून आंघोळीला बंदी होती. दादा मात्र रोज गुळगुळीत दाढी करायचे. कप्तान अव्यवस्थित दिसला की क्रूचं मनोधैर्य खचतं, असं म्हणायचे.

तिसऱ्या दिवशी इथाकाकडे निघालो. तिथे दुपारी वारा उठतो हे सगळ्यांना माहीत होतं. आजूबाजूच्या बोटी शीड गुंडाळून इंजिनावर चालल्या होत्या. दादा म्हणाले, "इंजिन लावायचं तर मग बसच घ्या ना!" शीड वर गेलं आणि बोट एका अंगावर कलली. मग बोट वळवताना दादांचा काहीतरी अंदाज चुकला. शिडाखालचा आडवा दांडा सपकन या बाजूचा त्या बाजूला गेला. माझा नवरा वेळेवर खाली वाकला म्हणून डोकं राहिलं, टोपी गेली. आत मोठा आवाज झाला.

मी वाकून बघितलं. हलत्या शेगडीवरचं आमटीचं पातेलं उडालं होतं. वहिनी जमिनीवर बसल्या होत्या, मनगटावर ओला पंचा धरून, आणि आमटी वाहत वाहत दादांच्या अंथरुणापर्यंत गेली होती.

दादांनी वरूनच विचारलं, "काय सांडलं?"

"आमटी," वहिनी म्हणाल्या. "हात भाजला थोडा."

"आल्झो, म्हणजे झाकण नव्हतं का लावलं?"

वहिनींनी पंचा पुन्हा ओला केला. त्या क्षणी मी दोन्ही हातांनी एक खांब धरला होता आणि आयुष्यात प्रथमच मनापासून देवाचं नाव घेत होते.

इथाकाचं बंदर मात्र सुरेख होतं. तीन बाजूंनी डोंगर, मध्ये शांत पाणी. तिथे बोट लावायची पद्धत अशी की नांगर पुढे लांब टाकायचा आणि उलटं उलटं येत धक्क्याला लागायचं. दादांनी नांगर टाकला तो शेजारच्या बोटीच्या साखळीवर. मग जागा पसंत पडली नाही म्हणून पुन्हा उचलला, तर त्याच्याबरोबर शेजाऱ्याचीही साखळी वर आली आणि त्याची बोट हळूहळू आमच्या अंगावर यायला लागली. शेजारी जर्मन होता. पोहायच्या चड्डीतला, लालबुंद, पांढऱ्या मिशांचा. त्याने दादांना संपूर्ण बंदराला ऐकू जाईल असं झापलं. इथे नियम असतात, नांगर बघून टाकायचा असतो, हे बाथटब नाही, फ्युररशाइन कुठे लॉटरीत लागला का! दादा आयुष्यभर ज्या भाषेत दुसऱ्यांना शिस्त शिकवत आले, त्याच भाषेत त्यांना ती परत मिळत होती. ते फक्त "या, या, गेनाऊ", म्हणजे हो, हो, अगदी बरोबर, एवढंच म्हणत राहिले.

शेवटी त्या माणसानेच आमच्या बोटीवर चढून साखळी सोडवली आणि बोट धक्क्याला लावून दिली. जाताना माझ्या नवऱ्याच्या खांद्यावर थोपटलं. दादांकडे बघितलंही नाही.

तो गेल्यावर दादा वळले आणि मराठीत वहिनींवर घसरले. "तू मध्ये मध्ये उभी होतीस! मला मागचं काही दिसत नव्हतं!"

वहिनी आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या खांद्याला बॅग होती.

"कुठे निघालीस?"

"उतरतेय."

"भाजी आणायला? बॅग कशाला मग?"

"अहो, भाजी नाही आणायची. मी उतरतेय."

दादा हसले. मग हसायचे थांबले. वहिनी फळीवरून धक्क्यावर गेल्या. आमच्याकडे वळूनही न बघता चालायला लागल्या.

मी पण माझी बॅग घेतली. याला भगिनीभाव वगैरे म्हणावं असं पुढे मला खूपदा वाटलं, पण खरं सांगायचं तर मला तो पंप पुन्हा मारायचा नव्हता. नवऱ्याने हळूच विचारलं, "मी पण येऊ का?" मी म्हटलं, "तू अनुभवी माणूस आहेस. तू राहा."

बंदरामागच्या गल्लीत एका म्हाताऱ्या बाईने आम्हाला खोली दिली. खोलीत नळाला गोड पाणी होतं. वहिनींनी इतका वेळ आंघोळ केली की म्हातारी दारावर टकटक करून बघून गेली. मग आम्ही जेवायला गेलो. कुणीतरी दुसऱ्याने केलेलं, गरम, आपल्यासमोर आणून ठेवलेलं वांगं. वहिनींनी एक घास घेतला, वेटरला बोलावलं आणि स्वच्छ जर्मनमध्ये सांगितलं की हे आतून गार आहे, परत गरम करून आणा. त्याने आणलं. वहिनींच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते मला समुद्रावर कुठेही दिसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्या पंजाबी ड्रेससकट गळ्याएवढ्या पाण्यात जाऊन उभ्या राहिल्या. पोहता येत नव्हतं. नुसत्या उभ्या. "पंधरा वर्षांत ह्यांनी मला एकदा तरी विचारलं असेल का गं, तुला काय बघायचंय म्हणून?" त्या म्हणाल्या. त्या मध्येच हसल्या, कारण एक मासा पायाला चावत होता.

दोन्ही पुरुष शेजारच्या केफालोनिया बेटाला जाऊन परत आले. ब्रेड, जॅम आणि डब्यातल्या घेवड्यावर. माझ्या नवऱ्याचं नाक सोललं होतं. दादांची दाढी वाढली होती. त्यांनी धक्क्यावरूनच हाक मारली, "चला, या आता. वारा चांगला आहे."

"वारा आहे ना?" वहिनी म्हणाल्या. "मग निघा तुम्ही. आम्ही फेरीबोटीने येतो."

आम्ही फेरीने आलो. फेरीवर संडासात पंप नव्हता आणि कॅन्टीनमध्ये चीजचे समोसे मिळत होते. आम्ही बोटीच्या आधी लेफ्काडाला पोचलो.

त्या हिवाळ्यात हायडेलबर्गला मराठी लोकांच्या मेळाव्यात दादांनी फोटो दाखवले. भिंतीवर प्रोजेक्टर, हातात काठी. सुकाणूवर दादा, नकाशावर वाकलेले दादा, सूर्यास्तासमोर दादा. शेजाऱ्याची साखळी कुठेच नव्हती, उलट दादा सांगत होते, "तिथल्या एका जर्मन स्किपरशी आमची छान मैत्री झाली." तेवढ्यात मागून एका काकूंनी विचारलं, "अहो, पण तिसऱ्या दिवसानंतर बायका कुठे दिसत नाहीत त्या?"

"त्या फोटो काढत होत्या," दादा म्हणाले.

"नाही हो काकू," वहिनी वाट्यांत खीर भरता भरता म्हणाल्या. "हे बोटीवर होते. आम्ही ग्रीसला गेलो होतो."

सगळे हसले. दादाही हसले, पण थोडं उशिरा. पुढच्या वर्षी त्यांनी ऑफिसमधले चार पुरुष नेले. त्यांतला एक परत आल्यावर त्यांच्याशी बोलेनासा झाला. वहिनींनी पोहण्याचा क्लास लावला, लहान मुलांच्या वर्गात, कारण मोठ्यांच्या वर्गात जागा नव्हती. मंगळवारी संध्याकाळी दादांना जेवण स्वतः गरम करून घ्यावं लागायचं. ते म्हणायचे, आतून गारच राहतं.