पोळ्यांखालची सहा इंजेक्शनं

हे आमच्या ह्यांनाही शेवटपर्यंत कळलं नाही. नातवंडांना मराठी वाचता येत नाही — म्हणून तर निर्धास्त लिहिते.

मी देवासच्या एका दवाखान्यात सिस्टर होते. माहेरी, धारला, सगळे म्हणायचे, पोरगी धीट आहे. मलाही ते पटलेलं. कुणी विषारी वायू सोडला तर काय करायचं, याचं प्रशिक्षण घेऊन आले होते — मग काय, भेटेल त्याला शिकवायचे. कपडे उतरवा, धुवा, मगच आत घ्या; अगदी सोवळ्यासारखं. आणि घाबरलेले आधी येतात, खरी विषबाधा झालेले नंतर. तेव्हा आपण घाबरायचं नाही.

एका सकाळी बसस्टँडवर उग्र वास सुटला. कुणीतरी गॅस सोडलाय, अशी हूल उठली. माणसं खोकत, रडत आली. आणि ही धीट बाई काय करते? — कपाटातून विषावरच्या उताऱ्याची सहा इंजेक्शनं काढते आणि आपल्या जेवणाच्या डब्यात, पोळ्यांखाली लपवते. सासूबाई, हे, दोन मुलं, मी. झाले पाच. सहावं कुणाला? — बहुधा तेही मलाच. गंमत म्हणजे एकाच माणसाला अशी कितीतरी लागतात, हे शिकवणारीही मीच.

वास फुटलेल्या अ‍ॅसिडच्या बाटल्यांचा निघाला. लोक घरी गेले.

पण दुपारी पीपलरावां गावाहून एक शेतकरी आणला. फवारताना किडीचं औषध अंगात भिनलेलं. त्याला तीच इंजेक्शनं हवी होती, आणि देता देता ती संपली. डबा माझ्या हाताशी होता. उघडला का? — उघडला असता तर सांगावं लागलं असतं. कंपाउंडर रामेश्वरभिया स्कूटरवर दुसऱ्या दवाखान्यात धावला. तो येईपर्यंत मी त्या माणसाची नाडी धरून बसले.

तो वाचला. माझ्यामुळे नाही.

सहा कमी कशी, म्हणून डॉक्टर साठा सांभाळणाऱ्या रामेश्वरभियावर बरसले. मी मध्ये पडले — "जाऊ द्या सर, माणूस आहे, मोजताना चुकतं." केवढं माझं मन मोठं. ती सहा मी घरी सीताफळाखाली पुरली.

भिया अजून दिवाळीला येतो, पाया पडतो, सुनेला सांगतो, "भाभी, उस दिन सिस्टर नहीं होतीं तो मेरी नौकरी गई थी."

मी त्याला चकल्या वाढते. त्याच डब्यातून.