पिकवणीच्या खोलीतला बर्फ

आमचे हे मुंबईला बर्फाच्या कारखान्यात नोकरीला होते. हे सांगितलं की बायका म्हणायच्या, मग काय बाई, तुझी चैन आहे. कसली चैन! तिथल्या गारव्याची त्यांना लागलेली सवय माझ्या संसाराच्या मुळावर आली होती. शनिवारी संध्याकाळी वटारला घरी यायचे आणि रविवारी जेवण झालं की कपाळ पुसत ओटीवर येरझारा घालायचे. "घर आहे की भट्टी," म्हणायचे, आणि उन्हं कलली की टांग्यात बसून स्टेशन गाठायचे. सोमवारी पहाटेही गाडी होती. बाकीच्यांचे नवरे तीच धरायचे.

मी कामणची, भातशेतीतली. 'पानी' म्हणते म्हणून सासरी थट्टा व्हायची, आणि इथली घरची बोली मला पहिलं वर्षभर निम्मीच कळायची. आठवडाभर घरात सासूबाई आणि मी, बाहेर केळी, पानवेली आणि रहाटाची कुरकुर. बोलायला कुणी नव्हतं, खोटं कशाला सांगू? कधीकधी मी केळीशी बोलायचे. म्हणून त्या उकाड्यावर माझा भारी राग. उकाडा गेला की नवरा राहील, इतका सरळ हिशेब मी मांडला होता.

अर्नाळ्याच्या बंदरावर मासळीसाठी मुंबईहून बर्फ यायचा. दारावर येणाऱ्या कोळणीला मी गळ घातली. तिने गोणपाटात गुंडाळून एक तुकडा आणून दिला. त्याला बोंबलांचा वास होता, तेवढं चालवून घेतलं. घंगाळात घालून माजघरात ठेवला. हे जेवून हात धुवून येईपर्यंत घंगाळात नुसतं पाणी आणि घरभर बोंबील.

पुढच्या खेपेला मोठा आणवला. तोही गेला, पण यावेळी आम्हा वाडीवाल्यांच्या सवयीने घात केला. विड्याच्या पानांचे करंडे मुंबईला पाठवायचे, तर ते ओल्या केळीच्या पानांत बांधायचे आणि जातायेता वरून विहिरीच्या पाण्याचा हबका मारायचा. त्याने पान टवटवीत राहतं. सासूबाईंनी कोपऱ्यातलं गोणपाट पाहिलं आणि त्यांचा हात आपोआप तांब्याकडे गेला. शेजारीण साखर मागायला आली, तिनेही एक हबका मारला. "सुकेल गं बिचारा," म्हणाली. अशी सगळ्या आळीने माझ्या बर्फावर माया केली आणि दुपारच्या आत तो संपवला.

यांना कळलं तेव्हा हे हसले. तसं हसणं यांना फारसं जमायचं नाही. मग ओटीवर बसून मला समजवायला लागले.

"अगं, त्याला पाणी लावलं की तो त्या पाण्यालाच गार करत बसतो. कोरडा ठेव, तुसात."

"पण खोलीला लागेल किती?"

"माणसं किती ते बघू नकोस, भिंती बघ. बर्फ आधी भिंतींची ऊब खातो, कौलांची खातो, मग उरला तर आपल्याला. खोली लहान घे. बर्फ उंचावर ठेव, गार हवा खाली उतरते. आणि पहाटेपासून ठेव, भिंती आधी निवायला हव्यात."

लग्न झाल्यापासून हे माझ्याशी इतकं सलग कधी बोलले नव्हते. मी मुद्दाम तेच तेच विचारत राहिले. कौलांचं तर दोनदा विचारलं.

लहान खोली म्हणजे केळी पिकवायची. जाड मातीच्या भिंती, खिडकी नाही, वर पेंढ्याने भरलेला माळा. सासूबाई म्हणाल्या, "केळ्यांना ऊब लागते, ती अडून बसतील." मी म्हटलं, बसू देत. केळ्यांचे लोंगर, म्हणजे घड, पडवीत काढले. आठवड्यातल्या एका मधल्या वारी बर्फाचा छोटा तुकडा ठेवून पाहिला, मागच्या भिंतीवर ऊन येईपर्यंत किती उरतो ते. त्या भिंतीला बाहेरून सुकी पानं बांधली, तेव्हा जास्त उरला. त्यावरून अंदाज बांधला: एक अख्खी लादी आणि वर अर्धी.

रविवारी पहाटे कोळणीकडून आणवलेली दीड लादी तुसातून काढली, धुतली, परातीत घालून माळ्याच्या कडेला चढवली. दार लावून घेतलं. जेवणं झाल्यावर यांना म्हटलं, चला, एक गंमत दाखवते. आत खाट घातली होती, स्वच्छ चादर. यांनी आधी भिंतीला तळवा लावला, मग मान वर करून परात पाहिली.

"बरोबर धरलंस गं," म्हणाले. "दिवेलागणीपर्यंत पुरेल."

आणि झोपले. मी दाराशी बसून यांचा श्वास ऐकत होते. मला किती आनंद झाला होता, आता सांगायलाही लाज वाटते. रात्रीच्या जेवणाला काय करायचं तेही मी ठरवून टाकलं होतं.

उन्हं कलली, रस्त्यावर टांग्याचे घुंगरू वाजले. हे उठले, सदरा चढवला.

"गार नव्हतं का?" मी विचारलं.

"होतं की. मस्त झोप लागली."

"मग?"

हे चपला शोधत होते. दाराशीच होत्या, पण शोधत होते. "निघतो," म्हणाले. यावेळी उकाड्याचं नाव काढलं नाही. पुढेही कधी काढलं नाही, आणि निघायची वेळही कधी बदलली नाही.

टांगा गेल्यावर मी आत जाऊन दार लावून घेतलं, गारवा निसटू नये म्हणून. वर परातीत थेंब पडत होते. मी खाटेच्या कडेला बसून रडले.

थोड्या वेळाने सासूबाईंनी दार किलकिलं केलं. एक लोंगर त्यांनी कडेवर घेतला होता.

"गेला ना तो? मग केळी आत ठेवू?"

"थांबा," मी म्हटलं, "अजून बर्फ आहे."