नुसती नेगडी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही — तो जाईपर्यंत मला शहाणी समजत होता, कशाला बिघडवायचं? मुलाला नाही, सुनेला तर नाहीच. तुम्हाला सांगते, कारण उद्या सकाळी चहाला तुम्ही माझ्यासमोर बसणार नाही.

सध्या आमच्या धारवाडात फ्लूची साथ आहे आणि अपार्टमेंटमधे माझं फार नाव झालंय. नातवाला ताप आला तर गोळी न घेता पूर्ण एक दिवस अंग थंड राहीपर्यंत शाळा बंद. खिडक्या उघड्या. आजाऱ्याचा टॉवेल वेगळा. लस मी दरवर्षी घेते, आणि शेजारच्या दोन म्हाताऱ्यांनाही हाताला धरून नेते. माझं स्वतःचं नाक वाहायला लागलं की मास्क लावून खोलीत जाऊन बसते, ताट दाराशी ठेवायला सांगते. सून मैत्रिणींना सांगते — आमच्या आई या बाबतीत किती कडक आहेत. मी खाली बघते. लोकांना तो विनय वाटतो.

विनय कसला? हे सगळं गंगव्वाचं आहे.

गंगव्वा बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला यायची. जुन्या हुबळीतून चालत. पंधरा वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या भावाला लग्नानंतर नऊ वर्षांनी मुलगी झाली, तेव्हा. भावजयीला — मीनलला — माहेर उरलेलं नव्हतं, म्हणून बाळंतपण हुबळीला भावाच्याच घरी, आणि मदतीला मी. तेव्हाही अशीच साथ होती. तिथल्या लॅमिंग्टन रोडवरच्या शाळा रिकाम्या पडल्या होत्या, मास्क ही नवलाची गोष्ट होती, आणि आमच्यासारखी शिकलेली माणसं नाकाला कापूर लावून खुशाल हिंडत होती.

गंगव्वाला सही करता येत नव्हती. पण तिचं काम बघायला हवं होतं तुम्ही. चपला फाटकाबाहेर. पिशवीतून धुतलेलं लुगडं काढून बदलायची. मग कोपरापर्यंत साबण — आणि साबण लावताना हुबळीपासून कलघटगीपर्यंतचे बसथांबे एकेक करून पुटपुटायची. तिचं माहेर कलघटगीजवळ. बस माहेरी पोचली की मगच हात पाण्याखाली. पदर नाकावरून घट्ट बांधलेला. एकदा तिचा घसा दुखला तर पाच दिवस आली नाही. पाच दिवसांची मजुरी बुडवून निरोप धाडला, की बाळाला कोमट फडक्याने नुसतं पुसून घ्या. मी त्यावर काय म्हटलं असेल? मी म्हटलं, हिचे नखरे बघा. मी — बी.एस्सी., हायस्कूलची शिक्षिका, फळ्यावर जंतूंची चित्रं काढणारी.

आता जवळ येते मी मुद्द्याच्या. येववत नाही, पण येते.

बारशाच्या दिवशी पहाटेच माझं अंग मोडून आलं होतं. ताप होता. मोजला नाही — मोजला असता तर आकडा दिसला असता, आणि आकडा दिसल्यावर गाढवालाही समजतं. तापाची एक गोळी घेतली, दोन तासांनी आणखी एक. जरीचं नेसले. कारण मी आत्या होते. बाळाच्या कानात नाव आत्याने सांगायचं असतं, आणि ही आत्या नऊ वर्षं त्या एका क्षणाची वाट बघत केस पिकवत बसली होती. भावाने विचारलं, “अक्का, आवाज का बसलाय तुझा?”

मी म्हटलं, “काही नाही रे, नुसती नेगडी.”

आमच्याकडची मराठी माणसं सर्दीला नेगडी म्हणतात, तो कन्नड शब्द आहे. त्याची गंमत सांगू? ताप मराठीत येतो. मराठीत आला की डॉक्टर, औषध, काळजी. नेगडी म्हटलं की काहीच झालेलं नसतं. दोन भाषा येण्याचा असा उपयोग मी केला.

गंगव्वा मात्र फसली नाही. गरम पाण्याची बादली माझ्याकडून घेताना तिचा हात माझ्या मनगटाला लागला. तिने माझ्या डोळ्यांत बघितलं आणि हळूच म्हणाली, “दूर निंतु हेळ्री अक्कार, कूसिग केळस्तैति.” लांब उभ्या राहून सांगा अक्का, बाळाला ऐकू जाईल.

एवढंच. चारचौघांत नाही, माझा मान ठेवून. किती सोपा उपाय — नाव सांगायचं, पण लांबून. मी ऐकलं नाही.

नाव तरी लहान निवडायचं ना? उमा म्हणून मोकळं व्हायचं. बाईसाहेबांनी निवडलं होतं मृण्मयी. मागून बायका पाठीत धपाटे घालतायत, आधीच दुखणारी पाठ, जरीत घाम फुटलेला — आणि बारा दिवसांच्या त्या इवल्या कानाला ओठ टेकवून मी तीनदा, छाती भरून, मृण्मयी म्हटलं.

तिसऱ्या दिवशी तिने दूध सोडलं. मग आठ दिवस ती काचेच्या पेटीत, नाकात नळी. मीनल बाहेरच्या बाकावर बसून असायची, रडायचीसुद्धा नाही. डॉक्टरांनी विचारलं, घरात कोण कोण येतं? मला तेव्हाही बोलता आलं असतं. बोललेच मी. म्हटलं, “न्हाऊ घालायला बाई येते. चार घरं फिरते.”

यातला एक शब्द तरी खोटा आहे का? हीच तर माझी हुशारी.

मृण्मयी वाचली. गंगव्वाला भावाने दारातूनच परत पाठवलं. मी तिथेच उभी होते. तिने एकदा माझ्याकडे बघितलं. ती सांगू शकली असती. सांगितलं नाही — आणि मला वाटतं, तिला हेही ठाऊक होतं की तिच्या शब्दापुढे माझाच शब्द खरा ठरेल. पिशवी उचलली, चपला घातल्या, गेली. त्या गल्लीत पुन्हा कुठल्याच बाळंतिणीने तिला बोलावलं नाही.

दोन वर्षांपूर्वी मी तिला शोधत जुन्या हुबळीत गेले होते. ठरवून गेले होते, वाक्यं पाठ करून. ती दाराशी बसून शेंगा सोलत होती. डोळे अधू झाले होते, पण आवाजावरून तिने मला ओळखलं. शेंगांची पाटी सरकवून बसायला जागा केली. आणि मी पाठ केलेलं काही बोलायच्या आत तिने विचारलं, “कूस ह्यांग ऐत्री?”

बाळ कसं आहे. तेरा वर्षांनंतर तिला तेवढंच विचारायचं होतं.

मी म्हटलं, छान आहे, उंच झालीय माझ्यापेक्षा. ती हसली. म्हणाली, बरं झालं. मी तिने सोललेले चार दाणे खाल्ले, तिने दिलेलं पाणी प्यायले, आणि बाकीचं काहीही न सांगता उठून धारवाडच्या बसमधे बसले.