उकंडा मिस्त्रीची न्हाणी

दिग्रसला माझं टाइल्सचं दुकान आहे. नवरा गेला तेव्हा गाव म्हणालं, आता वच्छलाबाई शटर ओढणार. मी ओढलं नाही. माझं तोंड फाटकं आहे म्हणतात. असेल बाप्पा! सिमेंट-टाइलच्या धंद्यात गोड बोलणाऱ्या बाईला लोक चार दिवसांत विकून खातील. वीस वर्षांत माझ्या दुकानात चाळीस मिस्त्री आले नि गेले. त्यातल्या एकाचंच सांगते, कारण त्याचं कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन नाही.

त्याचं नाव उकंडा. आमच्याकडे उकिरड्याला उकंडा म्हणतात. आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून हा जन्मला तसा आईनं त्याला उकिरड्यावर नेऊन ठेवला आणि शेजारणीनं उचलून परत आणून दिला. असं केलं की पोर जगतं म्हणतात. हा जगला. पुढे विहारातल्या कुणीतरी चांगलंसं दुसरं नाव काढलं, पण गावाच्या तोंडी बसलं ते बसलं. मी चिडवायची, "उकंड्या, लोकायच्या घरी संगमरवर लावतं अन् नाव पाह्य तुहं!" तो हसायचा. त्याला राग येतच नसे. मला वाटायचं, हा माणूस राग विसरून जन्माला आला की काय.

अठराव्या वर्षी तो मजुरांच्या टोळीबरोबर हैदराबादला गेला. आधी रेती वाहिली, मग सिमेंट कालवलं, मग कधीतरी एका म्हाताऱ्या कारागिरानं त्याच्या हातात टाइल दिली. बारा वर्षं तिथं मोठमोठ्या लोकांची बाथरूमं केली आणि गावी परत आला. गाव इथून आठ किलोमीटर, पुसद रोडला.

तोवर इकडे मार्बलसारख्या टाइलचं खूळ आलं होतं. पांढरीशुभ्र टाइल, तिच्यात राखाडी नस, आणि अशी चकचकीत की बाईनं तिच्यात बघून कुंकू लावून घ्यावं. ज्याला त्याला तीच पाहिजे. आमचे बाकीचे मिस्त्री डबा फोडायचे आणि हाताला येईल ती टाइल भिंतीला चिकटवायचे. एक नस वर चाललीय, दुसरी आडवी, तिसरी मध्येच खलास. उकंडाचं तसं नव्हतं. तो सगळा माल अंगणात कोरडा मांडायचा, त्याच्याभोवती फिरायचा, ही टाइल तिकडे, ती इकडे करायचा आणि जमलं की मागून पेन्सिलनं नंबर टाकायचा. अर्धा दिवस त्यातच जायचा. घरमालक वैतागायचे.

"अबे, लावतं का नुसता पाहतंच राह्यतं?"

"भाऊ, दगडाची नस कुठी तुटते का? मंग टाइलची काहून तुटावं?"

काम झालं की मालक गप्प. भिंतीवरून नस अशी उतरायची, जशी एकाच दगडातून कापून काढली. माझ्या दुकानात गिऱ्हाईक यायचं ते आधी विचारायचं, उकंडा मिस्त्री रिकामा आहे का?

आणि याची स्वतःची बायको, कांताबाई, आंघोळ करायची पऱ्हाटीआड!

खरं सांगते. कापूस संपला की शेतातली पऱ्हाटी उपटून आणायची, तिचे ताटवे बांधायचे, घरामागे चार खुंट रोवून ते उभे करायचे, खाली एक फरशी, झाली न्हाणी. दरवर्षी नवी. कांताबाई कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जायची. बुटकी, हसरी, बोलायला चुरचुरीत. तिनं मला एकदाच सांगितलं होतं. लेक प्रियंका झाली तेव्हा नवरा हैदराबादला. बाळंतपणाच्या दहाव्या दिवशी ही पऱ्हाटीआड पोरीला न्हाऊ घालत बसली होती, आणि कुणाच्या बकऱ्या ताटव्याला लागल्या. ताटवा आडवा. समोर हापशीवर माणसं. "सारे हासले, वयनी," ती म्हणाली. "मी कायनं झाकू? माहं आंग का पोरगी?" एवढं बोलून ती दुसऱ्याच गोष्टीवर गेली.

मी मात्र त्या दिवशी उकंडाला असा झाडला, की दुकानातलं गिऱ्हाईक बाहेर जाऊन उभं राहिलं. म्हटलं, "मेल्या, शंभर बायांले बंद दाराची न्हाणी देली तू, अन् घरच्या बाईले काड्या! लाज नाई वाटत?"

तो खाली मान घालून उभा. मग म्हणाला, "वाटते, वयनी. पोरगी बाळंतपनाले येईन तवा तिची आंगोय पऱ्हाटीआड होनार नाई. शब्द हाय कांताले."

प्रियंकाचं लग्न होऊन वर्ष झालं होतं. म्हणजे मुदत ठरल्यासारखीच.

ते बोंडअळीचं वर्ष. बोंडं फोडली की आत गुलाबी अळी, सरकी पोखरलेली. दिवाळीनंतर जिनिंगमधल्या कापसाच्या गंज्या दरवर्षी रस्त्यावरून दिसतात, त्या वर्षी कंपाउंडच्या वरही आल्या नाहीत. कापूस नाही म्हणजे गावात काहीच नाही. अर्धी झालेली बाथरूमं तशीच थांबली. तांड्यावरच्या नेमसिंगभाऊंनी पोराच्या लग्नासाठी माझ्याकडून खास माल मागवला होता. मोठ्ठ्या टाइल्स, भिंतीपासून फरशीपर्यंत एकच नस चालत येते असा जोड सेट. माल आला आणि लग्न पुढे गेलं. नेमसिंगभाऊ दुकानात येऊन म्हणाले, "बाई, यंदा नाई जमत." माणसाचा चेहरा बघून मी वाद घातला नाही. डबे मागच्या खोलीत पडले.

उकंडानं एक डबा फोडून बघितला आणि तिथंच खाली बसला. टाइलवरून हात फिरवत म्हणाला, "वयनी, हा माल कांताले द्या."

मी म्हटलं, "देते. पन खालची फरशी खरखरीत घे. चकचकीत टाइल खाली लावत नाई, हे तूच साऱ्यायले सांगतं ना?"

"सांगतो. पन हा जोड हाय. नस भितीवरून उतरून खाली पसरते. खाली दुसरी लावली त गुडघ्यातून पाय कापल्यावानी दिसन."

मी डबे फोडून त्याच्याबरोबर टाइल्स खाली मांडून बघितल्या. खरंच सांगते, इतकं देखणं काही मी माझ्या दुकानात पाहिलं नव्हतं. "ने बाप्पा," म्हटलं. "ढाळ तेवढा चांगला दे." भावाचं आमच्यात काय ठरलं ते आमच्यात राहू द्या.

कामं बंदच होती, तेव्हा महिनाभर तो घरच्या न्हाणीला लागला. विटा, छत, लोखंडी दार, आतून कडी. वर झरोका असा, की उजेड यावा पण कुणाची नजर येऊ नये. पाण्याचा ढाळ लोटाभर पाणी ओतून तीनदा तपासला. थेंब राहत नव्हता. मग ओल्या फरशीवर अनवाणी चालून दाखवलं. "पाहा वयनी, सरकते का?" नाही सरकला. कसा सरकेल? तीस वर्षं सिमेंटनं खाल्लेले तळवे ते. रेतीच्या कागदापेक्षा खरखरीत.

मी बघायला गेले त्या दिवशी कांताबाई दाराबाहेरच उभी. आत पाय टाकायला तयार नाही. म्हणे, "याच्यात आंगोय कायले करा? इथी त ताट मांडून जेवाले बसावं!" मग पदरानं तळवे पुसून आत गेली, कडी लावली आणि आतून नुसती हसत राहिली. उकंडा बाहेर उभा. त्याचे डोळे भरून आले. माझेही आले, लपवते कशाला?

फाल्गुनात प्रियंकाला मुलगी झाली. तिचं नाव दीपा ठेवलं. दवाखान्यातून घरी आली आणि आजीनं नातीची आंघोळ हाती घेतली. आपल्याकडे बाळाला कसं न्हाऊ घालतात ते तुम्हाला ठाऊक आहे. बाई पाटावर बसते, पाय लांब करते, नडगीवर बाळ पालथं घालते आणि तिळाचं तेल वाटी-वाटी जिरवते. अंगावर जिरतं त्याच्या दुप्पट खाली सांडतं. बाळामागून बाळंतीण. तिचंही अंग तेलानं चोळायचं. हे सगळं बंद दाराआड, बायाबायांत. पुरुष त्यावेळी घरात थांबत नाही. उकंडानं शंभर न्हाण्या बांधल्या, पण एकही बाळंतिणीची आंघोळ बघितली नव्हती. कुठून बघणार?

नवव्या दिवशी बाळाला दुपट्यात गुंडाळून कांताबाई पाटावरून उठली आणि पाय सरकला.

प्रियंका समोरच होती. ती सांगते, आई पडता पडता भिंत धरू शकली असती, पण तिनं हात सोडले नाहीत. दोन्ही हात वर, त्यात पोरगी, आणि सगळा भार कमरेवर. पोर रडलीसुद्धा नाही. कांताबाई खाली पडल्या पडल्या म्हणाली, "पह्यले हिले घे."

खुब्याचं हाड मोडलं होतं. यवतमाळला नेलं, ऑपरेशन झालं. साखर होती, जखम भरेना. महिन्याभरानं घरी आणली ती खाटेवरच. मी भेटायला गेले तर उकंडा हातोडा घेऊन न्हाणीच्या दारात उभा होता. फरशी फोडायला निघाला होता. खाटेवरून कांताबाई ओरडली. तेवढी ताकद तिच्यात होती हे मला खरं वाटेना.

"हात नका लावू! माहं हाय ते."

"कांता, त्यानंच तुले..."

"माह्यासाठी बांधलं ना? मंग माहं हाय. ठेवा तो हातोडा."

त्यानं ठेवला. मग फरशीवर गोणपाट अंथरलं, आणि तोच तिला उचलून आत न्यायचा, पाटावर बसवून आंघोळ घालायचा. बाकी दिवसभर ती न्हाणीचं दार उघडं ठेवायला लावायची. खाटेवरून भिंत दिसायची. ती बघत पडायची. मला म्हणाली, "वयनी, पहा ना, वरून निंगाली थे कुठीच तुटली नाई." मला तिच्याकडे बघवेना. मी म्हटलं, कांता, लवकर उठ, दिवाळीला जिनिंग सुरू होईल. ती हसली.

आषाढात तिच्या छातीत कफ झाला आणि चार दिवसांत ती गेली. बुद्धवंदना झाली, गाव जमलं. प्रियंकाच्या कडेवर दीपा. पोरीला काय कळतं? ती येईल त्याच्याकडे बघून हसत होती. ते बघून मला मोठ्यानं रडू फुटलं.

पोळ्यानंतर उकंडा दुकानात आला. पांढरकवड्याला एका मास्तराच्या घरचं काम मिळालं होतं. वाळला होता. खाली लावायची टाइल मागितली, खरखरीत. मी चार नमुने काढून दिले. त्यानं एकेकीवरून तळहात फिरवला, मग अंगठा घासून बघितला, आणि खालीच बघत म्हणाला,

"वयनी, एक इचारू?"

"विचार ना."

"तुम्ही लेकीचं बाळंतपन केलं, सुनेचं केलं. तेल खाली सांडते, हे मले नाई मालूम. तुम्हाले त मालूम होतं ना?"

 मी वीस वर्षं दुकानदारी केलेली बाई, खोटं बोलायला मला विचार करावा लागत नाही. पण त्या दिवशी खोटं निघालं नाही.

"होतं रे," म्हटलं.

"मंग सांगतलं काहून नाई?"

"ते मांडून पाह्यलं तवा... इतकं सुंदर दिसत होतं उकंडा, की दुसरं काई मनातच आलं नाई. तुह्या गळ्याची शपथ, आलंच नाई."

 मग त्यानं टाइल उलटी करून ठेवली.

"माहंबी तसंच झालं, वयनी," म्हणाला. आणि डबे उचलून ऑटोत ठेवायला लागला.

मी काउंटरमागे उभी होते. तो रागावला असता, चार माणसांत मला वाट्टेल ते बोलला असता, तर मला सोसलं असतं.