जड पाणी

समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा चाळिशी उलटून गेली होती. समुद्रावर व्याख्यान मात्र मी तेविसाव्या वर्षीच ठोकलं, तेही देवळीपासून दोन कोसांवरच्या आमच्या गावात, जिथे सगळ्यात मोठं पाणी म्हणजे पावसाळ्यातला नाला.

आमच्या वस्तीतला मी पहिला मॅट्रिक. देवळीच्या शाळेत विज्ञान शिकवत होतो, आणि आपल्याला विज्ञान येतं असा माझा पक्का समज होता. धम्मदीक्षेनंतर वस्तीने दोन गोष्टी उभ्या केल्या होत्या, सभेसाठी टिनाचं छप्पर आणि स्वतःची विहीर. विहीर सगळ्यांनी मिळून खोदली. माझ्या मायने अख्खा उन्हाळा डोक्यावरून मुरूम वाहिला. त्याआधी गावातल्या विहिरीला आम्हाला हात लावता येत नसे. कायदा बदलला होता, विहिरीवरची माणसं तीच होती. ओट्याखाली गुंड, म्हणजे पाण्याची घागर, ठेवायचा आणि कोणाला दया येऊन वरून पाणी ओतेपर्यंत उभं राहायचं. नव्या विहिरीला पाणी लागलं त्या दिवशी माय म्हणाली, "आता मेली तरी थ्या विहिरीवर उभी राहत नाई." आमचं पाणी जड निघालं, म्हणजे त्यात डाळ शिजेना आणि साबणाला फेस येईना. त्याबद्दल कोणी एका शब्दाने कुरकुर केली नाही.

अशा सुखात असताना एका रविवारच्या सभेत वस्तीतल्या सगळ्यात वडीलधाऱ्या बाबांनी मला फर्मावलं, "मास्तर, काई विज्ञानाचं सांग." मी तयारच होतो. खिशात नागपूरचं आठवडाभर जुनं वर्तमानपत्र होतं. त्यातल्या लेखात लिहिलं होतं, की परदेशातल्या अणुभट्ट्यांत वापरलेलं पाणी साफ करून, मोजून, थोडं थोडं समुद्रात सोडतात. काही शास्त्रज्ञ म्हणतात, एवढ्या समुद्रात ते विरून जातं. काही म्हणतात, मासळीच्या पोटात साठत गेलं तर काय होईल ते अजून नीट कळलेलं नाही. लेख समतोल होता. मी नव्हतो. "साफ करून, मोजून" एवढं मी भरभर वाचलं, कारण तिथे लोक जांभया देत होते. मासळीपाशी ते सावरून बसले आणि मला चेव चढला. दूरच्या समुद्रात बॉम्बची चाचणी झाल्यावर कोळ्यांच्या नावेवर पांढरी राख पडून ते आजारी पडले होते, ती हकिकत मी पदरचं तिखटमीठ लावून सांगितली. शेवटी छाप पडावी म्हणून म्हणालो, की या भट्ट्यांत "जड पाणी" वापरतात. तीनदा म्हणालो. ते जड पाणी सगळ्या भट्ट्यांत नसतं, आणि जिथे असतं तिथे इतकं महाग असतं की समुद्रात ओतायला कोणी वेडा नसतो, हे मला पुढे कळलं. त्या दिवशी मात्र टाळ्या पडल्या आणि मी त्या घेतल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या विहिरीवर चिटपाखरू नव्हतं. काठावर बाबा एकटेच बसले होते.

"काऊन बाबा, कोणी पाणी भरून नाई राह्यलं?"

"तूच तं सांगतलं, जड पाण्यात इख असते म्हणून. आपलंई जडच हाय."

मी हसलो. ते हसले नाहीत. मग मी अर्धा तास समजावलं, की ते जड वेगळं आणि हे जड वेगळं, हे नुसत्या चुन्यामुळे आहे. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "वेगळं हाय तं नाव एकच काऊन ठेवलं?"

तोंडाने पटत नाही तर प्रयोगाने पटवू, असं मी ठरवलं. संध्याकाळी टिनाच्या छपराखाली चूल मांडली, सगळ्यांना गोळा केलं आणि विहिरीचं पातेलंभर पाणी पार आटवलं. तळाशी चुन्याचा थर बसला. मी पातेलं मोठ्या दिमाखात सगळ्यांसमोर तिरकं केलं. पांढरं, भुरभुरीत.

"राख," मागून एक बाई हळूच म्हणाली.

सभा तिथेच संपली. असा यशस्वी प्रयोग मी नोकरीत पुन्हा कधी केला नाही.

तिसऱ्या दिवशी शाळेतून परतताना मी गावातल्या विहिरीवरून आलो. आमच्या बाया खाली रांगेत उभ्या होत्या आणि त्यांच्यात माझी माय होती. गुंड पायाशी, पदर डोक्यावर, नजर खाली. वर दोघी जणी आपसात बोलत उभ्या होत्या, त्यांना घाई नव्हती. मायने मला पाहिलं आणि मान फिरवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या जागेवरून ती स्वतःच्या डोक्यावरच्या मुरमाने सुटली होती, तिथे तिला माझ्या भाषणाने परत आणून उभं केलं होतं.

संध्याकाळी मी सगळ्यांना नव्या विहिरीवर बोलावलं. या वेळी वर्तमानपत्र नेलं नाही. सरळ सांगितलं, की छाप पाडायला बोललो, चुकलो. समुद्राचं पाणी इथवर येत नाही, आपल्या पाण्यात चुनाच आहे.

मायने विचारलं, "जे लोक थे पाणी समुद्रात सोडतेत, थे सोता पेतेत का?"

"माहीत नाही," मी म्हणालो. चारचौघांत हे दोन शब्द मी पहिल्यांदाच उच्चारले.

"अन हे तू पेशीन?"

"पेईन."

तिने दोर सोडला, पाणी शेंदलं आणि गडवा भरून माझ्या हातात दिला. सगळी वस्ती पाहत होती. मला चुना ठाऊक होता, त्याचं शास्त्र ठाऊक होतं, पुरती खात्री होती. तरी गडवा तोंडाशी नेताना हात थांबला. पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ. माझ्याच व्याख्यानाला मी भ्यालो होतो.

मी प्यायच्या आत मायने गडवा माझ्या हातून काढून घेतला आणि गटागटा रिकामा केला. मग तोंड पुसून तिने भरलेला गुंड डोक्यावर घेतला. तिच्यामागे एकेक बाई दोराला हात लावू लागली.

घरी जेवताना मी विचारलं, "माय, तुले भेव नाई वाटलं?"

"वाटलं ना."

"मंग?"

"थ्या विहिरीचं पाणी हलकं हाय बाबू," ती म्हणाली. "थिथं उभं राहणं जड जाते."

डाळ कच्चीच होती. मी दोनदा मागून घेतली.