निकमसाहेबांची सोमवारची फेरी

निकमसाहेबांना मी पहिल्यांदा भेटलो तो भांडायच्या तयारीनं. पेठकडच्या घाटरस्त्याचं काम सरकारी खातं आणि आमची कंपनी भागीदारीत करत होती. साहेब खात्याचे कार्यकारी अभियंता, मी कंपनीचा साइट इंजिनिअर. द्वारका चौकातल्या वाहतूक कोंडीत तासभर अडकून, तक्रारींची फाइल काखेत मारून त्यांच्या कार्यालयात पोचलो. त्यांनी ती उघडलीच नाही. माझ्या पायांकडे बघून म्हणाले, "बूट बरे दिसतायत. चला, साइटवर जाऊ."

तेव्हापासून दर सोमवारी दोन्हीकडच्या माणसांनी घाट पायी चालायचा आणि शेवटी एकत्र डबे उघडायचे, असा त्यांनी नेमच घातला. चालताना ठरलेलं पक्कं, पत्र नंतर. "कागदी घोडे दोघांनाही नाचवता येतात हो," ते म्हणत, "रस्ता मात्र एकच आहे." एकमेकांवर काम ढकलणारे आम्ही एकमेकांच्या डब्यातली भाजी पळवू लागलो. माझ्या वडिलांच्या ऑपरेशनच्या वेळी रक्त द्यायला साहेब स्वतः आले होते.

अशाच एका सोमवारी कड्यावर आम्हां दोघांना भेग दिसली. साहेब तिथेच म्हणाले, "खालचं काम आजच बंद करा. दुरुस्ती कुणी करायची ते मागाहून बघू." मी हो म्हणालो. संध्याकाळी कंपनीच्या मुख्य कार्यालयानं फोनवर बजावलं, की थांबलात तर उशीर आपल्या माथी येईल. मी 'दरडीची जबाबदारी खात्याची' असं पत्र टाकलं आणि काम चालू ठेवलं. बुधवारी दरड कोसळली. पेठ तालुक्यातले मजूर काशिनाथ तिच्याखाली गेले.

आम्ही दोघं त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नीनं विचारलं, "तुमी दोघं संगतीच फिरत व्हते ना? मंग कोनीच कसा नाय थांबवला?" साहेब मान खाली घालून उभे राहिले. माझ्याकडे त्यांनी बोट दाखवलं नाही.

चौकशीत साहेबांनी सांगितलं, की काम बंद करायला तोंडी सांगितलं होतं. मला विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "आठवत नाही." माझ्याकडे पत्र होतं, त्यांच्याकडे नुसता शब्द. चोर सोडून संन्याशाला सुळी! साहेबांची बढती गेली, ठपका घेऊनच ते निवृत्त झाले. सोमवारची फेरीही बंद पडली. पुढे भेटले तेव्हा एवढंच म्हणाले, "तुमच्यावर दबाव असेल." त्या वाक्याची मला अजून लाज वाटते.

साहेबांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथासाठी संपादकांनी मला साहेबांनी जोडलेल्या माणसांविषयी लिहायला सांगितलं. मी त्यातला तोडणारा. साहेबांनी काम थांबवायला सांगितलं होतं आणि मला ते स्वच्छ आठवत होतं, असं मी गेल्या आठवड्यात सही करून खात्याला कळवलं आहे. त्याची प्रत काशिनाथ यांच्या घरी स्वतः नेऊन दिली.

खात्याचं उत्तर यायला वेळ लागतो. ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचण्याइतकं आयुष्य साहेबांना लाभो, आणि वाचून झाल्यावर माझ्यावर एकदा मनसोक्त संतापण्याइतकी ताकद त्यांच्या अंगात उरो.